आधी मोजा, मग बदला

जुन्या टीव्हीचे काम संपले, असे आमचे अनेक कारागीर बांधव धरून चालले आहेत. ३१ ऑक्टोबर २०१२ नंतर मुंबईत सेट-टॉप बॉक्सशिवाय केबल दिसेनाशी झाली, घरोघर सपाट पडद्याचे संच आले, आणि अंधेरीपासून मुलुंडपर्यंत टीव्ही दुरुस्तीच्या दुकानांत मोबाइलचे काउंटर लागले. हे खरे आहे. पण जो थोडा धंदा उरला आहे तो बरा पैसा देणारा आहे, आणि तो आपणच आपल्या हाताने घालवीत आहोत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हे गिऱ्हाईक कोण? एक म्हणजे गोरेगावची चित्रनगरी आणि अंधेरीचे स्टुडिओ. १९८० च्या काळातले घर दाखवायचे तर शटरचा लाकडी टीव्ही नुसता ठेवून भागत नाही, तो चालू दिसावा लागतो. दुसरे, जुन्या व्हिडिओ गेमचे शौकीन. आणि तिसरे, ज्यांच्या वडिलांनी १९८२ च्या एशियाडच्या वेळी हौसेने रंगीत संच घेतला आणि ज्यांना तो भंगारात द्यायचा नाही, ते. अशा संचाचे मोल बाजारभावाने होत नाही. पिक्चर ट्यूबचे देशातले कारखाने बंद पडले आहेत. ट्यूब किंवा लाइन ट्रान्सफॉर्मर एकदा गेला की जोडीचा मिळेल याचा भरवसा नाही. म्हणून असा संच दुकानात आला की तो अमानत समजावा.

पंचवीस-तीस वर्षे पोटमाळ्यावर पडलेल्या संचात पहिला दोष बहुधा कंडेन्सरचा, म्हणजे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा असतो. त्याच्या आतला ओलावा उष्णतेने सुकत जातो. वरचे वेष्टण चकचकीत, डोके सपाट, कुठे फुगवटा नाही, तरी आतून तो मेलेला असू शकतो. चित्र वरून-खालून आखडले किंवा वरच्या बाजूला दुमडले तर व्हर्टिकलचा कंडेन्सर पाहावा. पडद्यावर आडवे पट्टे सरकत असतील, कडा नागमोडी होत असतील, तर मुख्य फिल्टरचा संशय घ्यावा. सर्वांत घातक मात्र पॉवर सप्लायमधला छोटा, २२ किंवा ४७ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर. काही बनावटीच्या संचांत तो सुकला की पुढचा व्होल्टेज वाढतो आणि लाइन आउटपुटचा ट्रान्झिस्टर जळतो. मेकॅनिक नवा ट्रान्झिस्टर घालतो, तोही जळतो. दोन-चार रुपयांच्या वस्तूपायी शे-दोनशेचा माल आणि दोन दिवस जातात.

आमच्या पाहण्यातली गोष्ट सांगतो. एका कारागिराने स्टुडिओला भाड्याने जाणाऱ्या संचात भंगारातल्या बोर्डावरून उपटलेले कंडेन्सर पुसून बसवले आणि बिलात नव्याचे पैसे लावले. दुकानात संच तासभर चालला. सेटवर दिव्यांच्या उष्णतेत दुपारी बंद पडला. भाडे तर कापले गेलेच, ते गिऱ्हाईकही पुन्हा आले नाही.

याच्या उलट दुसरी खोड नव्या मुलांत दिसते. संच उघडला की न मोजता सगळे कंडेन्सर काढायचे आणि नवे भरायचे. एखादा उलटा बसतो, एखाद्या जुन्या बोर्डाचा तांब्याचा पट्टा डागाबरोबर उपटून येतो, आणि मूळचा एक दोष होता त्याचे तीन होतात. जुने लोक मल्टिमीटरचा काटा उडी मारून परत येतो का ते पाहत. त्याने गळती कळते, पण आतला वाढलेला रोध कळत नाही. नुसते मायक्रोफॅरड मोजूनही तो कळत नाही. त्यासाठी ईएसआर मीटर लागतो. १०० मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरने तिथे एक-दोन ओहमच्या आत आकडा दाखवायला हवा. दहा-वीस दाखवला तर तो निकामी. असा मीटर आता दुकानाच्या आवाक्यात आहे, तो घ्यावा.

नवा घालताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा थोडे जास्त, आणि ८५ अंशाऐवजी १०५ अंशाचा घ्यावा. दर दहा अंश उष्णता वाढली की याचे आयुष्य साधारण निम्मे होते, म्हणून हीटसिंकजवळ हा फरक मोठा पडतो. लाइन आउटपुटचा १६०० व्होल्टचा पॉलिप्रॉपिलीन कंडेन्सर मात्र अगदी त्याच मापाचा आणि त्याच जातीचा हवा. तिथे कमी मापाचा घातला तर ट्यूबचा व्होल्टेज चढतो. रंगीत ट्यूबवर तो आधीच पंचवीस हजारांच्या आसपास असतो.

आणि जिवाचे सांगतो. संच बंद असला तरी मुख्य कंडेन्सरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट राहू शकतात. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून तो रिकामा करण्याची मर्दुमकी शागिर्दाला शिकवू नये. बल्बने किंवा मोठ्या रेझिस्टरने करावा, आणि मग मीटर लावून खात्री करावी. वर्षानुवर्षे बंद असलेला संच पहिल्यांदा लावताना सिरीज बल्ब ठेवावा. वाल्वचा संच असेल तर थेट प्लग लावूच नये, डिमरस्टॅटने व्होल्टेज हळूहळू चढवावा.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला आणि आत ओल लागली, तो प्रसंग आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले होते. तिथे आत ओल होती, इथे आत कोरड आहे. गिऱ्हाईक मात्र दोन्हीकडे वरचाच भाग पाहते. भंगाराचा माल विकणे गुन्हा नाही, जुना म्हणून सांगून विकावा. नवा म्हणून विकला तर ती कमाई हलाल कशी म्हणायची?

काही बांधव म्हणतील, मोजण्यात दोन तास जातात, त्याचे पैसे कोण देणार? गिऱ्हाईक देईल, पण मागितले तर. कंडेन्सरच्या किमतीत मजुरी लपवण्याची सवय आपल्यालाच लागली आहे. तपासणीची मजुरी बिलावर वेगळी लिहा, सुट्या भागांची किंमत वेगळी लिहा. काढलेले कंडेन्सर पुडीत बांधून बिलासोबत द्या, मोजून दाखवा. काय बदलले, किती व्होल्ट आले आणि तारीख, एवढे एका चिठ्ठीवर लिहून मागच्या झाकणाच्या आत चिकटवा. दहा वर्षांनी तो संच दुसऱ्या कुणाच्या टेबलावर उघडेल, तेव्हा त्यालाही ती उपयोगी पडेल.