गोठलेल्या सरोवरावरील तीन तास

अमेरिकेच्या उत्तर सीमेला लागून असलेल्या मिनेसोटा राज्यात मोटारींच्या क्रमांकपट्टीवर ‘दहा हजार सरोवरे’ असे अभिमानाने छापलेले असते. सरकारी मोजणीनुसार दहा एकरांहून मोठी सरोवरे ११,८४२ भरतात. मालाचे प्रमाण जाहिरातीत प्रत्यक्षाहून कमी सांगण्याचा हा प्रकार व्यापारी जगात विरळाच म्हणावा लागेल. या सरोवरांपैकी ब्रेनर्ड गावाजवळचे गल लेक हे एक. उन्हाळ्यात तेथे नौका फिरतात. हिवाळ्यात त्याच पाण्यावरून माणसे चालत जातात आणि जानेवारीतील एका शनिवारी, दुपारी १२ ते ३ या वेळेत, सुमारे दहा हजार माणसे बर्फातील भोकांत गळ सोडून बसतात. बर्फावरील मासेमारीच्या धर्मादाय स्पर्धांमध्ये ही जगातील सर्वांत मोठी होय, असे आयोजक सांगतात.

ज्या घरांत मासळीचा वासही येत नाही, त्या घरांतील वाचकांना मासेमारीची हकिकत कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे. परंतु हिशेब, जोखीम, वजनकाटा आणि कर्ज हे विषय तर पेढीवरचेच. ते या बर्फावर अशा विलक्षण रूपात एकत्र आले आहेत की, प्रथम ते पाहावेत आणि मग माशाकडे वळावे.

स्पर्धा भरवतात ते ब्रेनर्डचे जेसीज. हे नाव महाराष्ट्रातील बाजारपेठेच्या गावांना नवे नाही. व्यापाऱ्यांच्या तरुण पिढीने भाषणकला आणि सभा चालविण्याची रीत जेथे गिरविली, त्या संघटनेचे मूळ १९१५ मध्ये अमेरिकेतील सेंट लुइस शहरात आहे. ब्रेनर्डच्या शाखेने ही स्पर्धा १९९१ च्या सुमारास सुरू केली. सरोवराच्या ज्या उपसागरात ती भरते, त्याला ओजिब्वे जमातीच्या एका प्रमुखाचे नाव आहे. त्या नावाचा अर्थ ‘दिवसाला पडलेले छिद्र’ असा होतो. योगायोग असा की, स्पर्धेपूर्वी स्वयंसेवक त्याच उपसागराच्या बर्फाला वीस हजारांहून अधिक छिद्रे पाडतात. सुताराच्या गिरमिटाचेच मोठे, यंत्रावर फिरणारे भावंड त्यासाठी वापरतात. वीतभर रुंदीचे भोक क्षणात आरपार जाते आणि काळे पाणी वर येते. स्पर्धकाने येऊन मोकळे भोक गाठायचे, बारा वाजता संकेत झाला की दोरी सोडायची. शून्याखाली वीस अंशांची थंडी असली तर भोकावर धरणारी बर्फाची साय झाऱ्याने काढीत राहायचे. मासा लागला की तो घेऊन वजनकाट्याकडे धावायचे. ओजिब्वे आणि डकोटा लोक याच प्रदेशात बर्फावर अंधाऱ्या झोपडीत बसून, लाकडी माशाचे सोंग पाण्यात नाचवून, भाल्याने मासे मारीत. त्यांच्या लेखी तो पोटाचा प्रश्न होता. आता भोकाशी बसणाऱ्यांपैकी बहुतेकांचे पोट घरून भरूनच आलेले असते.

आता हिशेब. स्पर्धेच्या नावातच बक्षिसांची रक्कम गुंफलेली आहे : दीड लाख डॉलर. सर्वांत जड मासा आणणाऱ्यास नवी पिकअप मोटार मिळते आणि सर्वांत जड अशा १५० माशांना बक्षिसे असतात. म्हणजे दहा हजारांत दीडशे, शेकडा दीड. उरलेल्या ९,८५० जणांपैकी बहुतेकांच्या गळाला काहीही लागत नाही. प्रवेशिका पन्नास डॉलरांची धरली तरी दहा हजार प्रवेशिकांचे पाच लाख डॉलर होतात. निव्वळ सोडतीच्या दृष्टीने पाहिले तर हा व्यवहार तोट्याचा आहे, हे पाचवीतील मूलही सांगेल. तरीही लोक वर्षानुवर्षे येतात, कारण उरलेली रक्कम कोठे जाते ते त्यांना ठाऊक असते. बौद्धिक विकासात अडचणी असलेल्या व्यक्तींसाठी त्याच परिसरात चालविलेले कॉन्फिडन्स लर्निंग सेंटर हे निवासी शिबिर-केंद्र या स्पर्धेचे प्रमुख लाभार्थी आहे. देणगीची पावती फाडून घ्या असे सांगितले असते तर त्या थंडीत दहा हजार माणसे आली असती का, याविषयी शंका आहे. आपल्याकडेही बोली लावल्यावाचून खिशातून मोठी रक्कम निघत नाही, हे चढाव्याच्या वेळी मंदिराच्या सभामंडपात बसलेल्या प्रत्येकास माहीत आहे.

या सगळ्या उलाढालीचे भांडवल म्हणजे एक फूट, फार तर दोन फूट जाडीचे गोठलेले पाणी. निसर्गाची मोठी सोय अशी की, पाणी सर्वांत जड होते ते ४ अंश सेल्सिअसला. त्याहून थंड झालेले पाणी हलके होऊन वर येते आणि पृष्ठभागावर गोठते. बर्फ पाण्याहून सुमारे आठ टक्के हलका असल्याने तो तरंगतो आणि तळाशी चार अंशांच्या पाण्यात मासे हिवाळा काढतात. पाणी इतर बहुतेक द्रवांप्रमाणे वागले असते आणि घनरूप होताच बुडत गेले असते, तर ही सरोवरे तळापासून गोठत आली असती. मग मासेही उरले नसते आणि गळही.

तरंगणारा हा बर्फ किती भार पेलतो? घनमीटरमागे ९१७ किलो हे बर्फाचे वजन धरले तर एक फूट जाडीचा एक चौरस मीटर बर्फ जेमतेम २५ किलो जादा भार घेऊन तरंगत राहील. एका माणसाचे वजनही त्याला जड. पण बर्फाची अखंड चादर तो भार आजूबाजूच्या विस्तारावर वाटून देते, एका भागीदारावर पडलेली रक्कम साऱ्या पेढीने उचलावी तशी. म्हणूनच भोके विस्तीर्ण पटांगणात विखरून पाडतात. गर्दी एका जागी जमली की चादर किंचित खचते आणि भोकांतून पाणी वर येऊन बूट भिजू लागतात. ती ताकीद समजायची. राज्याच्या नैसर्गिक साधनसंपत्ती विभागाचे कोष्टक असे आहे : स्वच्छ, पारदर्शक, नव्या बर्फावर चालण्यासाठी किमान ४ इंच जाडी हवी, छोट्या मोटारीसाठी ९ ते १० इंच, मध्यम पिकअपसाठी १३ इंच. बर्फ पांढरट असेल तर त्याची ताकद निम्मी मानून जाडी दुप्पट धरावी. आणि कोष्टकाच्या बरोबरीने विभाग बजावतो की, कोणताही बर्फ शंभर टक्के सुरक्षित नसतो. शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात ६ फेब्रुवारी २०१६ रोजी लेक जिनिव्हा गावच्या हिवाळी उत्सवाला आलेल्यांनी गोठलेल्या सरोवरावर मोटारी लावल्या. सायंकाळी परतून पाहतात तो डझनाहून अधिक मोटारी रांगेने पाण्यात खचलेल्या! शेजाऱ्याने लावली म्हणून आपणही लावली, एवढाच त्यांचा आधार होता.

माशाची बाजू मात्र या कोष्टकांत बसत नाही. वॉलआय, पाइक, पर्च हे येथले मुख्य मासे. थंड पाण्यात त्यांच्या शरीराची गती मंदावलेली असते. खाणे थोडे, हालचाल थोडी. अशा वेळी त्यांना भुलविण्यासाठी गळाला पुष्कळदा जिवंत छोटा मासा टोचतात. म्हणजे बक्षीस एका जीवाचे आणि खर्ची पडतात कितीतरी. पकडलेला मासा सोडून दिला तर झाले, असे म्हणणारे तेथेही पुष्कळ आहेत आणि त्यांचा हेतू निर्मळ आहे. पण सुमारे तीस फुटांहून खोल पाण्यातून झपाट्याने वर ओढलेल्या माशाच्या शरीरातील वायूची पिशवी दाब कमी होताच फुगते आणि सोडून दिलेला मासाही बरेचदा जगत नाही. खुद्द तेथील अधिकारीच सांगतात की, इतक्या खोलीवर पकडून सोडण्याचा खेळ करू नये. दोरीला बांधायचे शिशाचे वजन हा आणखी एक विषय. मिनेसोटाचा राज्यपक्षी लून हा पाणपक्षी तळाचे खडे गिळताना हरवलेली शिशाची वजनेही गिळतो आणि विषबाधेने मरतो. शिसे सोडा, यासाठी राज्य सरकार कित्येक वर्षे प्रचार करीत आहे. अहिंसेची चर्चा आपल्या परंपरेबाहेर कोणी करीत नाही, असा समज असणाऱ्यांनी ही पत्रके अवश्य वाचावीत. शब्द निराळे असले तरी ‘कमीत कमी जीव दुखवावा’ हा विचार त्यांतून सरकत सरकत पुढे येत असल्याचे दिसेल.

शिशाचा दुसरा उपयोग अधिक परिचित वाटेल. सप्टेंबर २०२२ मध्ये ओहायो राज्यात, ईरी सरोवरावरील नौकांतून होणाऱ्या वॉलआय स्पर्धेत, एका जोडीचे पाच मासे काट्यावर चढले. दिसायला चार-चार पौंडांचे मासे सात-सात पौंडांच्या घरात भरू लागले. स्पर्धाप्रमुखाने तेथल्या तेथे सुरी घेऊन मासा चिरला, तर पोटातून शिशाचे गोळे बाहेर पडले. एकूण दहा निघाले. बक्षीस होते जवळजवळ २९ हजार डॉलरांचे. दोघांवर फौजदारी खटला झाला, त्यांनी गुन्हा कबूल केला आणि मे २०२३ मध्ये त्यांना दहा दिवसांचा तुरुंगवास, दंड आणि तीन वर्षांची परवानाबंदी झाली. मौल्यवान नौकाही जप्त झाली. कापसाच्या गाठीत पाणी मारणे, मिरचीच्या पोत्यात खडे टाकणे हे प्रकार पाहिलेल्या जुन्या अडत्यांना यात नवे काही वाटणार नाही. एक गोष्ट मात्र टिपण्याजोगी आहे : आरडाओरड सर्वांत मोठी केली ती बक्षीस हुकलेल्या पण प्रामाणिकपणे मासे आणलेल्या स्पर्धकांनी. खोट्या मापाने पहिला लुबाडला जातो तो ग्राहक नव्हे, तर शेजारचा खऱ्या मापाचा दुकानदार. अनेक स्पर्धांच्या नियमांत आता विजेत्याची खोटेपणा पकडणाऱ्या यंत्रावर चाचणी घेण्याचे कलम असते.

आणि बर्फच पडला नाही तर? २०२३-२४ चा हिवाळा मिनेसोटाच्या नोंदींतील सर्वांत उबदार ठरला. २९ डिसेंबर २०२३ रोजी राज्याच्या उत्तरेकडील अप्पर रेड लेकवर वाऱ्याने बर्फाचा मोठा तुकडा किनाऱ्यापासून तोडला आणि त्यावर अडकलेल्या शंभराहून अधिक मासेमारांची सुटका करावी लागली. ज्या बर्फावर भोक पाडून ते बसले होते, तोच त्यांना घेऊन निघाला होता. त्या मोसमात राज्यातील कित्येक स्पर्धा आणि मेळे रद्द झाले. आमिष विकणारा, बर्फावरच्या झोपड्या भाड्याने देणारा, किनाऱ्यावरचा खानावळवाला, बर्फगाड्यांची दुरुस्ती करणारा, या सर्वांचे चार महिन्यांचे उत्पन्न बुडाले. दुकान जळाले तर विमा, पूर आला तर मदत; पण थंडी पडली नाही, हे नुकसान कोणत्या सदरात दाखवायचे?

राज्याने मागणी केली आणि अमेरिकेच्या केंद्रीय लघुउद्योग प्रशासनाने २०२४ मध्ये अशा व्यवसायांना आपत्ती-कर्जे खुली केली. कमाल मर्यादा २० लाख डॉलर, व्याज दरसाल शेकडा ४ आणि परतफेडीची मुदत ३० वर्षांपर्यंत. हे कर्ज यंत्र घेण्यासाठी किंवा दुकान वाढविण्यासाठी नव्हे. थकलेले भाडे, नोकरांचे पगार, आधीच्या कर्जाचे हप्ते भागवून पुढच्या मोसमापर्यंत तग धरता यावा, एवढाच त्याचा हेतू. अर्जासोबत मागील वर्षांची विवरणपत्रे आणि विक्रीचे महिनावार आकडे जोडावे लागतात. आमिषाच्या छोट्या दुकानदाराला जानेवारीच्या रकान्यात त्या वर्षी जो आकडा लिहावा लागला, तो लिहिताना त्याचा हात खचितच अडखळला असेल.