दुपारचा दोनचा खेळ



जानेवारीतल्या चारही रविवारी दुपारी माझा फोन बंद होता, त्याबद्दल आधी माफी मागते. दोघी-तिघींना काळजी वाटली. एकीने तर आमच्या ह्यांना फोन करून "वहिनी बऱ्या आहेत ना?" असं विचारलं. मी अगदी बरी होते. मी सिनेमाला गेले होते. एकटी.

हे कळल्यावर मंडळात जे बोलणं झालं, ते माझ्या कानावर आलंच. सांगलीत काय लपून राहतं! एक म्हणाली, या वयात? दुसरी म्हणाली, घरात भिंतीएवढा टीव्ही असताना पैसे कशाला घालवायचे? तिसरीचं म्हणणं असं, की रविवारची निवांत दुपार स्वाध्यायाला द्यावी, पडद्यावरच्या खोट्या माणसांना कशाला द्यावी? तिघीही माझ्या जवळच्या आहेत, म्हणून इथे लिहून उत्तर देते. समोरासमोर बोलायला गेले की विषय नातवंडांवर जातो.

आमच्या पेठेजवळचं जुनं टॉकीज तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. एकच पडदा, ३४० खुर्च्या, आणि पायऱ्यांवर शेंगदाण्याची फोलपटं. मालकांनी या महिन्यात दर रविवारी दुपारी दोनला एक जुना मराठी चित्रपट लावला. 'संत तुकाराम', 'कुंकू', 'उंबरठा' आणि 'श्वास'. तिकीट ८० रुपये. मी गेले ते मुख्यतः वेळेमुळे. दोनचा खेळ पाचच्या आत सुटतो. जानेवारीत आपल्याकडे सव्वासहाच्या सुमारास दिवस मावळतो, तोवर घरी येऊन भाकरी टाकून जेवणं उरकता येतात. संध्याकाळी सहाच्या आणि रात्री नऊच्या खेळाला आपल्यासारख्या बायका कधी जाणार? आपण सिनेमा बघत नाही असं लोक म्हणतात. आपल्या वेळेला तो लागतच नव्हता, हे कोणी म्हणत नाही.

टीव्हीचं म्हणाल तर मैत्रिणींनो, खरं सांगा. गेल्या वीस वर्षांत घरी बसून एक तरी सिनेमा पहिल्या पाटीपासून शेवटच्या पाटीपर्यंत सलग पाहिला आहे का? मी नाही. माझा प्रत्येक सिनेमा तुकड्यातुकड्यांचा. मध्ये दाराची बेल, कुकरच्या शिट्ट्या, इस्त्रीवाला, "अगं, माझा चष्मा कुठे ठेवलास?" सिनेमा थांबवून ठेवता येतो म्हणतात हल्ली. येतो, पण थांबवलेला सिनेमा पुन्हा सुरू करायला जाईपर्यंत रिमोट दुसऱ्याच्या हातात गेलेला असतो.

पहिल्या रविवारी 'संत तुकाराम' होता. १९३६चा, प्रभात कंपनीचा, दामले आणि फत्तेलाल यांनी केलेला. प्रभात म्हणजे आपल्या शेजारच्या कोल्हापुरात १९२९ साली सुरू झालेली कंपनी, मग १९३३मध्ये पुण्याला गेली. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला, हे आम्ही शाळेत पाठ केलं होतं. विठोबाच्या भक्ताचा सिनेमा बघायला जैनाघरची बाई कशी, असं तिकीट फाडणाऱ्या पोराच्या मनात आलं असेल तर त्याने ते बोलून दाखवलं नाही. विष्णुपंत पागनीस तुकाराम झालेत आणि ते भजनात रंगलेले पाहून कोणाचेही हात जोडले जातील. पण मी सबंध वेळ पाहत होते ती जिजाई. ते काम गौरी नावाच्या नटीने केलंय. नवरा वैराग्यात, घरात दाणा नाही, आणि ही म्हशीशी बोलतेय, पोरांना भरवतेय, आजारी पोराला घेऊन चप्पल उगारून थेट देवाला जाब विचारायला देवळात जातेय. सगळं थिएटर हसत होतं. मीही हसले, आणि मग हसू आवरतं घेतलं.

कारण आपल्या घरांतून हेच चालतं की! व्रत घेतात घरातले पुरुष, टिळा त्यांच्या कपाळाला, सत्कार त्यांचा. आणि पिठाची मर्यादा कोण सांभाळतं? पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, थंडीत सात, हा हिशेब कोणाच्या डोक्यात असतो? पाणी कोण गाळतं, गाळलेल्याचं जीवाणी कोण नीट परत सोडतं, महाराजांचा आहार असला की चौक्यात पहाटेपासून कोण उभं असतं? एकाने त्याग केला, की त्याच्या मागे घरातल्या बाईचं काम दुप्पट होतं. मी हे रागाने लिहीत नाही, मीही ते काम श्रद्धेने केलंय आणि अजून करते. पण १९३६ साली कोणीतरी ते पडद्यावर नीट दाखवून ठेवलंय, हे मला पासष्टीला आल्यावर कळलं. शेवटी तुकोबा वैकुंठाला निघतात तेव्हाही जिजाई मागे राहते. घर आहे, पोरं आहेत. आपल्याकडच्या कुठल्याही बाईने हेच केलं असतं.

'कुंकू'बद्दल थोडंच लिहिते. व्ही. शांताराम यांचा १९३७चा सिनेमा, नारायण हरी आपट्यांच्या कादंबरीवरचा. तरुण नीराचं लग्न फसवून एका म्हाताऱ्या बिजवराशी लावतात आणि ती त्याला नवरा मानायला साफ नकार देते. पार्श्वसंगीत नाही. घड्याळाची टिकटिक, भांडी, पावलं, जे घरात वाजतं तेवढंच ऐकू येतं. माझ्या आजीला चौदाव्या वर्षी बिजवराला दिली होती. नीरासारखं बोलणं तिला परवडलं नसतं. तिचं आयुष्य बरं गेलं असं घरात सगळे म्हणतात, पण तिला कोणी विचारलं होतं असं मला आठवत नाही.

आता तिसरा रविवार. खरं तर यासाठीच हे सगळं लिहायला बसले.

'उंबरठा' आला १९८२ साली. जब्बार पटेलांचा, शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवरून, पटकथा विजय तेंडुलकरांची. त्याच वर्षी मी बी.कॉम. झाले आणि माझं लग्न झालं. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात आम्ही दोघं आणि माझी नणंद तीनच्या खेळाला गेलो. मामंजींचं जेवण दिवस मावळायच्या आत व्हायला लागायचं आणि त्या दिवशी सासूबाईंना ताप होता. सव्वापाचला मी उठले. हे म्हणाले, थांब की दहा मिनिटं. पण दहा मिनिटांत चूल पेटत नाही. मी एकटीच रिक्षाने घरी आले. नणंद आणि हे पूर्ण पाहून आले.

मी उठले तेव्हा पडद्यावर सुलभा, म्हणजे स्मिता पाटील, महिलाश्रमातली नोकरी सोडून नवऱ्याच्या घरी परतली होती. रात्री पाय चेपताना सासूबाईंनी विचारलं, "काय गं, शेवट काय झाला?" मी सांगितलं, "आली ती परत घरी." सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं बाई." विषय संपला. मी ह्यांना विचारलं नाही, नणंदेला विचारलं नाही. मला माहीतच होता की शेवट! पुढे टीव्हीवर तो दोन-तीनदा लागला, पण शेवटाच्या वेळी मी कधी ओट्यापाशी, कधी पाहुण्यांपाशी.

मैत्रिणींनो, ती घरी परत येते हे खरं, पण सिनेमा तिथे संपत नाही. घरी आल्यावर तिला कळतं, की मधल्या काळात वकील नवऱ्याने दुसऱ्या बाईशी संबंध जोडलाय आणि तो ते तोंडाने सांगतोय. पोटची मुलगी जावेला लागलीय. आणि सुलभा पुन्हा घराबाहेर पडते. शेवटी ती आगगाडीत बसलेली आहे.

मी खुर्चीत बसून राहिले. दिवे लागले, झाडूवाला आला, "काकू, उठा की," म्हणाला. त्रेचाळीस वर्षं मी मनात एक चुकीचा शेवट घेऊन संसार केला. १९८४ साली मला एका बँकेत नोकरीची संधी आली होती. घरी विषय निघाला तेव्हा मीच "नको" म्हणाले, आणि मला चांगलं आठवतंय, की तेव्हा डोक्यात हाच सिनेमा होता. गेलेल्या बाईलासुद्धा शेवटी घरीच यावं लागतं, मग जायचंच कशाला? शेवट माहीत असता तर मी नोकरी धरली असती असं मी म्हणत नाही. कदाचित नसतीच धरली. माझा संसार सुलभासारखा नाही, आमचे हे सज्जन आहेत, थर्मासमधला चहा पिऊन चार रविवार एकटे राहिले आणि "हा चहा नव्हे" एवढंच म्हणाले. पण निर्णय घेताना अर्धीच गोष्ट माहीत असणं आणि पूर्ण गोष्ट माहीत असणं यात फरक आहे, हे मला ताळेबंद शिकलेल्या बाईला तरी कळायला हवं होतं. सासूबाईंना जाऊन वीस वर्षं झाली. त्यांना खरा शेवट सांगायचा राहिला. त्या काय म्हणाल्या असत्या कोण जाणे!

स्वाध्यायाचं म्हणणाऱ्या मैत्रिणीला एवढंच सांगते. मी सामायिकाला बसते. अठ्ठेचाळीस मिनिटांत मन किती वेळा दुधाच्या पातेल्यापाशी जाऊन येतं ते मला ठाऊक आहे. सिनेमाला ते गेलं नाही, म्हणून सिनेमा सामायिकापेक्षा मोठा होत नाही. पण रविवारी दिवसभर क्रिकेट बघणाऱ्यांना प्रमादाची आठवण कोणी करून देत नाही आणि महिन्यातले चार दुपारचे खेळ पाहणारीला लगेच देतात, याचंही उत्तर तिने मला द्यावं.

सगळा सिनेमा चांगला असतो असंही नाही. मूळ चित्रपटाआधी येणाऱ्या सिनेमांच्या जाहिराती दाखवतात, त्यात किती माणसं मारली ते मी बोटांवर मोजलं. चार मिनिटांत सतरा. त्यानंतर मी डोळे मिटले, म्हणजे खरा आकडा जास्त असणार. आणि त्या टॉकीजमधली बायकांची मोरी! त्याबद्दल मालकांना मी तोंडावर बोलले. दोन कड्या नाहीत, दिवा नाही, पाणी नाही. आधी ते नीट करा, मग बायका का येत नाहीत ते विचारा.

बोलता बोलता त्यांनी वही दाखवली, आणि वही दिसली की मला राहवत नाही. चार रविवारी ५८, ४३, ६७ आणि ११२ तिकिटं गेली. 'श्वास'ला ११२, कारण लोक मुलांना घेऊन आले होते. आजोबा ऑपरेशनच्या आधी नातवाला शहर दाखवायला नेतात, तेव्हा माझ्या पुढच्या रांगेतल्या पोराने आईला विचारलं, "आपण पण जाऊया?" एकूण २८० तिकिटं, २२,४०० रुपये. शंभरपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी गेल्या २२ सप्टेंबरपासून १२वरून ५ टक्क्यांवर आला. तो वजा जाता हातात २१,३३३. चित्रपटाचं भाडं, वीज, तीन माणसांचा रोज धरून एका खेळाचा खर्च साडेसहा हजार, म्हणजे चौघांचे २६,०००. तोटा ४,६६७. तोट्यातल्या धंद्यावर मालकांनी चर्चा लांबवली नाही, "मार्चपासून दुपारी पुन्हा नवीनच लावतो," म्हणाले. नवीन म्हणजे ते सतरा माणसांवाले.

मी तिथेच पेन काढून मांडलं. एका तिकिटाचे कर जाता ७६ रुपये १९ पैसे. खर्च निघायला ८६ तिकिटं पुरतात. आपल्या मंडळाच्या सभासद ११० आहेत, पाठशाळेच्या बायका वेगळ्या. महिन्यातून एकदा, एकच रविवार, ८६ जणी. मालक म्हणाले, आधी पैसे जमा झाले तर फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी 'श्यामची आई' लावतो, १९५३चा, आचार्य अत्र्यांचा. मोरीला कड्या बसवायचंही कबूल केलंय, ते मी आदल्या दिवशी जाऊन बघणार आहे.

पैसे माझ्याकडे द्या, पावती देईन. वीस तारखेपर्यंत ८६ झाल्या नाहीत तर ज्याचे त्याला परत. ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे त्यांनी एकमेकींत पाळी लावा, पण आलात तर पाच वाजता उठू नका. संध्याकाळचा स्वयंपाक त्या दिवशी सकाळीच करून ठेवा, नाहीतर ज्यांना जेवायचंय त्यांना खिचडी टाकायला शिकवा, अजून दोन आठवडे आहेत. मध्यंतरात समोसे मिळतात, त्यात बटाटा असतो. शेंगदाण्याची पुडी चालते, दहा रुपये.