नव्या लॅपटॉपमध्ये जुने ‘विंडोज’

तालुक्याच्या गावातले वीस खाटांचे रुग्णालय. ट्रेडमिलवर चालवून हृदयाची तपासणी करणारे यंत्र नऊ-दहा वर्षांपूर्वीचे, पण अजून ठणठणीत. त्याला जोडलेला संगणक मात्र एका पावसाळी रात्री वीज आली-गेली, त्यात कायमचा बंद पडला. दुसऱ्या दिवशी नवा लॅपटॉप आला. त्यात कंपनीनेच टाकून दिलेले विंडोज ११ होते. यंत्राचे सॉफ्टवेअर त्यावर काही केल्या सुरू होईना. बाहेरच्या बाकावर चार रुग्ण सकाळपासून बसलेले. संगणक दुरुस्तीला आलेला मुलगा म्हणाला, “डॉक्टर, टेन्शन घेऊ नका. हे विंडोज उडवतो आणि जुनं सेव्हन टाकून देतो. तासाभराचं काम आहे.”

असा प्रसंग कोणत्याही गावात, कोणत्याही दवाखान्यात घडू शकतो. बहुतेक ठिकाणी डॉक्टर मान डोलावतात आणि तपासण्या पुन्हा सुरू होतात. त्या तासाभरात रुग्णालयाने नेमकी कोणती जोखीम पत्करली, हे मात्र कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही.

त्या मुलाला मूर्ख ठरवण्याचे कारण नाही. नवे ते चांगलेच, हा समज औषधांच्या बाबतीत जसा खरा नाही, तसा संगणकाच्या बाबतीतही नाही. जानेवारी २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा बाजारात आले, तेव्हा ते जड वाटले, अनेक जुनी उपकरणे त्यावर चालेनात आणि लोक पुन्हा एक्सपीकडे वळले. व्हिस्टाच्या व्यावसायिक आवृत्तीसोबत एक्सपी प्रोफेशनल वापरण्याची मुभा खुद्द मायक्रोसॉफ्टच्या परवान्यातच होती. विंडोज १० ची मुदत चालू होती, तोवर विंडोज ११ प्रो घेऊन आलेल्या लॅपटॉपवर विंडोज १० प्रो टाकण्याचा हक्क परवाना देत होता. ‘होम’ आवृत्तीला मात्र तो हक्क नव्हता, आणि बाजारातले बरेच स्वस्त लॅपटॉप ‘होम’ आवृत्तीचेच असतात. तेव्हा मागे जाणे हा गुन्हा नाही. ते कशासाठी, किती मागे आणि कोणत्या बंधनांसह, हे ठरवायला हवे.

आधी निदान. यंत्राचे सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नाही, याची कारणे निरनिराळी असतात. कधी सॉफ्टवेअर खरेच इतके जुने असते की आजच्या ६४ बिट विंडोजला ते उघडताच येत नाही. सोळा बिटांच्या काळातले कार्यक्रम असेच बाद झाले. कधी अडचण ‘ड्रायव्हर’ची असते. ड्रायव्हर म्हणजे यंत्र आणि विंडोज यांच्यातला दुभाषा. दुभाष्याला नवी भाषा येत नसेल, तर दोन्ही बाजू शहाण्या असूनही संवाद होत नाही. अशा वेळी यंत्राच्या कंपनीला फोन केला, तर कधी कधी नवा ड्रायव्हर सहज मिळतो आणि विंडोज बदलण्याची गरजच उरत नाही. कधी तर ‘कम्पॅटिबिलिटी’ची एक खूण केली तरी काम भागते. पोट दुखते म्हणून थेट टेबलावर घेण्याआधी पोट तपासतात, तसेच हे.

मागे जायचेच ठरले, तरी वाट सरळ नसते. नव्या लॅपटॉपमधील प्रोसेसर, यूएसबी, वाय-फाय यांचे ड्रायव्हर जुन्या विंडोजसाठी बनलेलेच नसतात. विंडोज ७ च्या मूळ डीव्हीडीत यूएसबी ३ चा ड्रायव्हर नव्हता. त्यामुळे नव्या लॅपटॉपवर ते टाकताना माउस आणि कीबोर्डच निकामी झाल्याचा अनुभव अनेकांनी घेतला. इंटेलच्या सातव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरवर विंडोज ७ चालवायला मायक्रोसॉफ्टने पाठिंबाच दिला नाही. शिवाय आजच्या पुष्कळ लॅपटॉपमधली डिस्क कुलूपबंद म्हणजे एन्क्रिप्ट केलेली असते. तिची ४८ आकडी किल्ली आधी जपून ठेवली नाही, तर आतली माहिती मालकालाही मिळत नाही. मूळ विंडोज परत आणण्यासाठी कंपनीने डिस्कवर राखून ठेवलेला भाग सगळी डिस्क पुसताना नाहीसा होतो आणि मग परतीची वाटही बंद होते.

एवढे सगळे पार पडून जुने विंडोज सुरू झाले, तरी खरा धोका तिथून पुढे असतो. विंडोजला दर महिन्याला येणारे ‘अपडेट’ पुष्कळांना कटकट वाटतात. प्रत्यक्षात ते लसीसारखे आहेत. नवी फट सापडली की ती बुजवणारा तुकडा येतो. ज्या आवृत्तीची मुदत संपली, तिच्यासाठी हे तुकडे येणे थांबते. एक्सपीची मुदत ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजी, तर विंडोज १० ची नियमित मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. मुदत संपलेला संगणक दुसऱ्या दिवशीही तसाच चालतो, म्हणून तर फसगत होते. लस न घेतलेले मूलही साथ येईपर्यंत धडधाकटच दिसते.

साथ आली ती १२ मे २०१७ रोजी. ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर विषाणू एका दिवसात जगभर पसरला. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतील २३६ पैकी किमान ८० ट्रस्टना त्याचा फटका बसला. ६,९१२ भेटी व शस्त्रक्रिया रद्द झाल्याची नोंद झाली, आणि प्रत्यक्षातला आकडा १९ हजारांच्या वर असावा, असा अंदाज तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने दिला. पाच भागांत तातडीच्या रुग्णांना दूरच्या रुग्णालयात जावे लागले. निदानाची १,२२० यंत्रेही बाधित झाली.

या घटनेतला सर्वांत महत्त्वाचा धडा अनेकदा सांगायचा राहून जातो. बाधित झालेले बहुतांश संगणक एक्सपीचे नव्हते, विंडोज ७ चे होते. त्या वेळी विंडोज ७ ची मुदत चालू होती आणि ही फट बुजवणारा तुकडा मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच, म्हणजे दोन महिने आधी, दिला होता. तो कुणी बसवला नव्हता. म्हणजे आवृत्ती नवी की जुनी, यापेक्षा तिला लस मिळते का आणि ती टोचली जाते का, हा प्रश्न मोठा. मुदत संपलेल्या आवृत्तीत तर लसच उपलब्ध नसते.

आपल्याकडचे उदाहरणही फार जुने नाही. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या ‘एम्स’चे सर्व्हर असेच बंद पडले. नोंदणीपासून तपासणी अहवालांपर्यंत सारे काम कित्येक दिवस हाताने, कागदावर करावे लागले. तिथले कारण जुने विंडोज असे सांगितले गेले नव्हते; जाळ्याची नीट विभागणी केलेली नव्हती, असे सरकारने संसदेत सांगितले. म्हणजे एका खोलीतला संसर्ग साऱ्या इमारतीत जाण्याची वाट मोकळी होती. जुने विंडोज असलेला एखादा लॅपटॉप त्याच वाय-फायवर ठेवणे, हे ताप आणि पुरळ असलेल्या मुलाला भरल्या बालकक्षात झोपवण्यासारखेच आहे.

मग त्या वीस खाटांच्या रुग्णालयाने काय करावे? उपाय महागडे नाहीत. जुनी आवृत्ती टाळता येत नसेल, तर त्या लॅपटॉपला विलगीकरणात ठेवावे. इंटरनेट नाही, वाय-फाय बंद, ईमेल नाही. त्याचे काम एकच, यंत्र चालवणे. अहवाल छापून द्यावा किंवा तपासून घेतलेल्या, फक्त त्याच कामासाठी राखलेल्या पेन ड्राइव्हवरून न्यावा. कर्मचाऱ्याचा गाण्यांचा पेन ड्राइव्ह तिथे लागता कामा नये. विंडोज बदलण्याआधी मूळ विंडोजची पूर्ण प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि डिस्कची किल्ली लिहून कपाटात ठेवावी. बाजारात फिरणारी ‘क्रॅक’ केलेली प्रत तर कदापि वापरू नये. परवाना चुकवणाऱ्या त्या प्रतीसोबत विषाणूही फुकट येऊ शकतो. आणि बदलानंतर यंत्राचे आकडे बरोबर येतात ना, हे कंपनीच्या माणसाकडून तपासून लेखी घ्यावे. संगणक सुरू झाला म्हणजे तपासणी अचूक झाली, असे नव्हे.

मात्र सारा भार त्या डॉक्टरांवर आणि दुरुस्तीच्या मुलावर टाकून चालणार नाही. मूळ दुखणे खरेदीत आहे. निदानाचे यंत्र दहा-पंधरा वर्षे चालते, त्याला जोडलेला संगणक पाच-सहा वर्षांत थकतो, आणि खरेदीच्या कागदात मात्र फक्त यंत्राची किंमत व वॉरंटी असते. सॉफ्टवेअर किती वर्षे नव्या विंडोजशी जुळवून दिले जाईल, हा रकाना बहुधा नसतोच. तो असायला हवा. विशिष्ट यंत्रांसाठी दीर्घ मुदतीच्या विंडोज आवृत्त्या मिळतात. विंडोज १० च्या अशा एका आवृत्तीला जानेवारी २०३२ पर्यंत सुरक्षा तुकडे मिळणार आहेत. यंत्र विकणाऱ्याने ती द्यावी, असा आग्रह ग्राहकाने धरला तरच ती मिळेल. सरकारी निविदेत ही एक अट घातली, तर खासगी रुग्णालयांनाही आपोआप लाभ होईल, कारण यंत्रे विकणाऱ्या कंपन्या त्याच आहेत.

बाकावरच्या चार रुग्णांची तपासणी त्या दिवशी व्हायलाच हवी, हे खरे. त्यासाठी जुने विंडोज टाकावे लागले, तर टाकावे. पण तो लॅपटॉप जाळ्यापासून तोडून ठेवावा, त्यावर ठळक अक्षरांत ‘इंटरनेट जोडू नये’ अशी चिठ्ठी चिकटवावी आणि त्याच संध्याकाळी यंत्राच्या कंपनीला नव्या सॉफ्टवेअरसाठी पत्र पाठवावे. वेळ निभावून नेण्याचा उपाय वर्षानुवर्षे चालू राहिला, की एक दिवस त्याची किंमत बाकावर बसलेल्या रुग्णाला मोजावी लागते.