भाकर की दगड?

पोळ्याचा सण आटोपतो, बैलांच्या शिंगांवरचा रंग अजून ओला असतो, तोच दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यास जाम नदीच्या पात्रात गोटमार भरते, हे पांढुर्णा-सौंसरकडील वाचकांस आम्ही नव्याने सांगावयास नको. पात्राच्या मध्यभागी पळसाचे झाड रोवतात, त्यावर झेंडा बांधतात, आणि एका तीरावरून पांढुर्णेकर व दुसऱ्या तीरावरून सावरगावकर परस्परांवर दगडांचा वर्षाव करतात. झेंडा कोणी हस्तगत करावा यासाठी दिवसभर ही झुंज चालते. दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात. कित्येकांचे प्राणही गेले आहेत. शासनाने बंदीहुकूम काढून पाहिले, दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. परंतु हातातला गोटा काही सुटला नाही.

या प्रथेचा न्यायनिवाडा करण्यासाठी आम्ही लेखणी हाती घेतलेली नाही. तिच्याविषयी चिंता वाहणारे सुज्ञ लोक त्या दोन्ही गावांत आहेत. आमचे लक्ष आहे ते तीरावर उभ्या असलेल्या बघ्यांकडे. त्या गर्दीत बापाचे बोट धरून आलेली मुलेही असतात. मूल नदीकडे पाहते, झेंड्याकडे पाहते, आणि मधूनच मान वर करून आपल्या बापाच्या हाताकडे पाहते. बापाच्या हातात काय आहे, यावरूनच जगात कसे वागावयाचे याचा पहिला धडा ते घेत असते.

प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात बापांना एक साधा प्रश्न विचारला आहे. संत मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात तो आपणांस आढळतो. पोराने भाकर मागितली असता त्याच्या हाती दगड ठेवील असा बाप तुमच्यांत कोण आहे, अशा आशयाचा तो प्रश्न आहे. प्रभूने उत्तर सांगितले नाही, कारण ते ऐकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते. असा बाप कोठेही सापडावयाचा नाही. स्वतः अर्धपोटी राहून पोराच्या ताटात भाकर वाढणारे बाप आमच्या धर्मग्रामात घरोघरी आहेत. पण प्रिय कुटुंबप्रमुखांनो, पोर नेहमी ज्वारीचीच भाकर मागते असे नाही. त्याच्या इतर भुकांच्या वेळी आपण त्याच्या हाती काय ठेवतो, याचा विचार आज आपण करू या.

संध्याकाळची वेळ घ्या. बाप बाजारातून परतला आहे. व्यापाऱ्याने संत्र्याच्या बगिच्याचा सौदा पाडून मागितला, कापसाचा भाव उतरला, सोसायटीच्या कर्जाचा हप्ता डोक्यावर आहे. दारात पाऊल टाकतो तोच धाकटा मुलगा शाळेची वही घेऊन पुढे येतो. त्याला काही विकत नको असते. आपण काढलेले चित्र बाबांनी पाहावे एवढीच त्याची भूक असते. आणि बाप म्हणतो, “हो बाजूला! तुझ्याच्यानं काय होणार आहे? शेजारच्या पोराकडं बघ जरा.” मुलगा वही मिटून निघून जातो. रक्त निघत नाही, टाके पडत नाहीत, दवाखान्याच्या वहीत नोंद होत नाही. पण दगड लागलेला असतो. घरधनिणीला चार माणसांदेखत टाकून बोलणे हा दगडच, आणि तो आईला लागून मुलांवरही उडतो. दारू पिऊन घरी येणे हा तर दगडांचा ढीगच होय. दिवसचे दिवस घरात कोणाशी अक्षर न बोलणे हाही एक मुका दगड आहे. गोटमार वर्षातून एकदा होते; पण काही घरांत ती रोज दिवेलागणीला सुरू होते.

यावर एक आक्षेप आम्हांस नेहमी ऐकावा लागतो. “फादर, तुम्हांला संसार नाही. कर्ज फेडावं लागत नाही, लेकीचं लग्न करावं लागत नाही. तुम्हांला उपदेश करणं सोपं आहे.” आक्षेप अगदीच चुकीचा आहे असे आम्ही म्हणणार नाही. म्हणून आज आम्ही आमचा उपदेश बाजूला ठेवतो आणि कर्जव्यवहार, दुकान, आजारपण व मुलींचा सांभाळ हे सारे ज्याने पाहिले, अशा एका गृहस्थाची साक्ष काढतो.

फ्रान्स देशातील आलांसाँ या गावी लुई मार्तँ नावाचा घड्याळजी राहत असे. त्याची पत्नी झेली लेस विणण्याचा व्यवसाय करी. 1858 साली त्यांचा विवाह झाला. त्यांना नऊ अपत्ये झाली. त्यांपैकी चार लहानपणीच दगावली. पत्नीचा व्यवसाय वाढला तेव्हा, 1870 साली, लुईने आपले घड्याळांचे दुकान पुतण्याला विकले आणि पत्नीच्या कामास हातभार लावला. बायकोच्या धंद्यात राबणे त्याने कमीपणाचे मानले नाही. रविवारी तो दुकान उघडीत नसे. बाहेरगावची गिऱ्हाइके त्याच दिवशी येत असूनही त्याचा तो नेम ढळला नाही. 1877 साली झेली कर्करोगाने वारली. पाच मुली घेऊन हा विधुर बाप लिझ्यू गावी राहावयास गेला. त्याची सर्वांत धाकटी मुलगी म्हणजेच आपण जिची चित्रे घरोघरी पाहतो ती बाळ येशूची संत तेरेजा. 18 ऑक्टोबर 2015 रोजी पोप फ्रान्सिस यांनी लुई व झेली या पतिपत्नींना एकत्र संतपद बहाल केले. पतिपत्नी मिळून एकाच वेळी संत म्हणून घोषित होण्याचा ख्रिस्तसभेच्या इतिहासातील हा पहिलाच प्रसंग होता.

या संत बापाच्या तोंडूनही एकदा दगड सुटला, ही गोष्ट आम्हांस फार बोधप्रद वाटते. 1886 च्या नाताळची रात्र होती. मध्यरात्रीची मिस्सा ऐकून कुटुंब घरी परतले. चुलाण्यापाशी ठेवलेल्या जोड्यांत मुलांसाठी भेटवस्तू घालण्याची तिकडे रीत आहे. तेरेजा तेव्हा तेरा वर्षांची होती. बाप दमला होता, त्रासला होता. एवढ्या मोठ्या मुलीसाठी असले बालिश सोहळे कशाला, यंदाचे हे शेवटचेच वर्ष, अशा अर्थाचे काही तो बोलून गेला. जिना चढणाऱ्या तेरेजाने ते ऐकले आणि तिचे डोळे भरून आले. आता खाली जाऊ नकोस, असे बहिणीने तिला सुचविले. परंतु तिने आसवे आवरली, खाली येऊन हसतमुखाने एकेक भेट बाहेर काढली, आणि बापाची खिन्नता क्षणात मावळली. या रात्री आपल्याला बालपणीच्या हळवेपणातून बाहेर पडण्याची कृपा लाभली, असे ती पुढे मानीत असे.

वाचकहो, यातून काय घ्यावयाचे? संताच्या घरीही थकवा येतो आणि कडू शब्द निघतो. मग ते घर तुटले का नाही? कारण त्या एका शब्दामागे वर्षानुवर्षांची भाकर होती. हाच बाप रोज लेकीला हाती धरून फिरावयास नेई, चर्चमध्ये तिच्या शेजारी गुडघे टेकी, रात्री सर्वांना जवळ घेऊन वाचून दाखवी, गाऊन दाखवी. तेरेजाने त्या रात्री बापाला इतक्या लवकर क्षमा केली, ती या साठलेल्या प्रेमाच्या बळावर. पुढल्याच वर्षी, पंधरा वर्षे पुरी होण्याआधीच, तिने मठात जाण्याची परवानगी मागितली. बापाचे डोळे पाणावले. दोन लेकी आधीच मठात गेल्या होत्या. तो भिंतीपाशी गेला, तेथे उगवलेले एक इवलेसे पांढरे फूल त्याने खुडले आणि लेकीच्या हाती दिले. ते मुळासकट निघून आले होते. तेरेजाने ते जपून ठेवले. बापाच्या हातून मिळालेली वस्तू मूल कशी जपते, याची ही खूण आहे. फूल असेल तर फूल जपते. दगड असेल तर तोही जपते.

कोणी म्हणेल, मग काय मुलांना धाक दाखवूच नये? तसे मुळीच नाही. आमच्या भागातील संत्र्याचा बागाईतदार हे आमच्याहून चांगले जाणतो. बहार धरावयाचा असला म्हणजे तो झाडाचे पाणी काही काळ तोडतो. त्याला ‘ताण देणे’ म्हणतात. ताण दिला नाही तर झाड नुसते पाल्यावर जाते. पण जाणता शेतकरी झाडाची पाने रोज पाहतो, जमीन पाहतो, आणि वेळ होताच पाणी सोडतो. ताण देऊन जो बाजाराला निघून गेला त्याचे झाड वाळते. मुलांचेही असेच आहे. शिस्त हा ताण आहे. त्यामागून मायेचे पाणी वेळेवर आलेच पाहिजे. संत पौलानेही कलस्सैकरांस लिहिताना, मुलांना चिडीस आणू नका, नाहीतर ती खचून जातील, असे बापांस बजावले आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या प्रेषिताला बापाच्या जिभेची ताकद पुरती ठाऊक होती.

याच प्रेषिताने इफिसकरांस आणखी एक गोष्ट सांगितली आहे, ती अशी की राग मनात असताना सूर्य मावळू देऊ नये. आता पाहा, गोटमारीतसुद्धा दिवस मावळता मावळता दगड थांबतात. झेंडा चंडीमातेच्या मंदिरात नेतात, आणि दिवसभर एकमेकांवर गोटे फेकणारी माणसे पुन्हा आपापल्या कामाला लागतात. दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याचा दुकानदार सावरगावच्या गिऱ्हाइकाला माल मोजून देतो. मग बाप्तिस्मा घेतलेल्या आपल्या घरांतच बापलेकांचा अबोला महिनोन् महिने का चालावा? धुऱ्याच्या वादावरून भाऊ भावाच्या दारी का जाऊ नये? दिवंगत पोप फ्रान्सिस कुटुंबांना तीन शब्द शिकवीत असत, ते म्हणजे कृपया, धन्यवाद आणि क्षमा करा. 2016 साली कुटुंबप्रेमावर लिहिलेल्या आपल्या पत्रातही त्यांनी ते आवर्जून सांगितले. त्यांतला तिसरा शब्द बापाच्या तोंडून निघणे सर्वांत कठीण. लेकराची क्षमा मागितल्याने बापाचा मान जातो, अशी आपली समजूत आहे. वस्तुतः त्या क्षणी मुलाला धर्म कळतो. धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही वर्षभर शिकवून जे समजत नाही, ते त्याला एका वाक्यात समजते.

आता प्रार्थनेविषयी थोडे. पुष्कळ घरांत देवाचे खाते आईकडे सोपविलेले असते. बाप रविवारी बायकामुलांना मोटारसायकलवरून चर्चपर्यंत आणून सोडतो आणि स्वतः फाटकाबाहेर मित्रांशी गप्पा मारीत उभा राहतो. मुलगा काय शिकतो? देव हे बायकांचे आणि लहान मुलांचे काम आहे. मोठे झाले की फाटकाबाहेर उभे राहावयाचे असते. ही त्याला दिलेली भाकर नव्हे. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने 1964 साली कुटुंबाला घरातील ख्रिस्तसभा असे संबोधिले आणि आईबापांना मुलांचे पहिले श्रद्धाशिक्षक मानले. तेव्हा फाटकाबाहेर उभा असलेला बाप हा, परिषदेच्या शब्दाने पाहिले तर, आपल्या घरच्या वेदीवरूनच उठून आला आहे.

आमच्या भागात याला आणखी एक पदर आहे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, पण छिंदवाडा जिल्ह्यासह सौंसर व पांढुर्णा मध्य प्रदेशातच राहिले. 2023 साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, तरी शाळेची आणि कचेरीची भाषा हिंदी, व चुलीपाशची भाषा मराठी ही स्थिती कायम आहे. मूल शाळेत हिंदीतून शिकते, ते चांगलेच आहे. परंतु रात्री भय वाटले म्हणजे ते ज्या भाषेत आईला हाक मारते, त्या भाषेतील प्रार्थना त्याला बापाच्या तोंडून ऐकू आली पाहिजे. ती देण्याचे काम कोणतीही शाळा करणार नाही. वसईकडील ख्रिस्ती घरांत सायंकाळच्या प्रार्थनेनंतर मुले वडीलधाऱ्यांकडे आशीर्वाद मागतात. ही रीत आपल्याकडे ज्या घरांत मागे पडली असेल तेथे ती पुन्हा सुरू करता येईल. तिला खर्च नाही, जमीन लागत नाही, शिक्षणही लागत नाही.

संत योसेफाचा एकही शब्द शुभवर्तमानात नोंदविलेला नाही, हे आपण जाणता. तो बोलल्याचे आढळत नाही. तो उठला, चालला, राबला, तीन दिवस हरवलेल्या मुलाला शोधीत फिरला, एवढेच आढळते. मोठमोठे उपदेश ज्यांस जमत नाहीत अशा शेतकरी व कष्टकरी बापांना यात मोठा दिलासा आहे. शब्द नसतील तर नसोत. हात तर आहे.

तर मग आज दिवेलागणीला, जेवणाची ताटे मांडण्यापूर्वी, घरातील प्रत्येक मुलाला जवळ बोलवा. मोठा मुलगा लाजेल, लाजू द्या. त्याच्या कपाळावर अंगठ्याने क्रुसाची खूण करा आणि मराठीत दोन शब्द आशीर्वादाचे बोला. ज्याच्याशी अबोला आहे त्याच्यापासून सुरुवात करा. मग सर्वांनी मिळून जेवावयास बसा, आणि पहिली भाकर आपल्या हाताने वाढा.