विश्लेषण : देवघरातली जुनी तसबीर ‘ओरिजिनल’ आहे का?

अमरावती-अकोल्यात जुना वाडा पाडायला काढला की देवघरातल्या तसबिरी नदीत जातात, नाहीतर भंगारात. आता ‘ओरिजिनल रविवर्मा’ म्हणून त्या ऑनलाइनही विकल्या जातात. पण छापील चित्रात ‘ओरिजिनल’ म्हणजे काय?

ही चित्रे कशी छापली जात?
राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. मूळ तैलचित्र त्यांचे, पण ते दगडावर उतरवणारे कारागीर वेगळे. तत्त्व साधे : तेल आणि पाणी एकत्र येत नाही. ओल्या दगडावर शाई फक्त तेलकट रेखाटनाला धरते. प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागे.

मूळ कर्त्यानंतरची प्रत नकली?
हा प्रश्न युरोपातही जुना आहे. सतराव्या शतकात रेम्ब्रांट तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर देऊन सुईने चित्र काढी आणि आम्लाने रेघा खोल करी. आजाऱ्यांना बरे करणाऱ्या येशूचे त्याचे चित्र ‘हंड्रेड गिल्डर प्रिंट’ या नावाने, म्हणजे किमतीनेच, ओळखले जाते. त्याच्या मृत्यूनंतर शतकभराने कॅप्टन विल्यम बेली याने झिजलेला पत्रा पुन्हा कोरून प्रती काढल्या. नंतर पत्र्याचे चार तुकडे केले आणि तेही छापले!

मळवलीचा छापखाना रविवर्मा हयात असतानाच जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांच्याकडे गेला. १९०६ मध्ये रविवर्मा वारले. छपाई चालूच राहिली. त्यामुळे चित्राखाली ‘रविवर्मा’ छापलेले असले, तरी ती प्रत त्यांच्या हाताखालून गेली असे ठरत नाही.

घरी कसे ओळखावे?
भिंगातून पाहा. शिळाछापात लहानमोठे, विखुरलेले ठिपके दिसतात. ऑफसेटच्या प्रतीत एकसारखी जाळी. खालच्या कडेला छापखान्याचे नाव शोधा. कागद ठिसूळ असेल तर चौकट उघडू नका.

मग करायचे काय?
आमच्या मते किंमत हा दुय्यम मुद्दा आहे. मळवलीचा छापखाना १९७२ मध्ये आगीत सापडला. वऱ्हाडातल्या घरांत कोणते देव, कधी, कुठल्या दुकानातून आले, याची नोंद मिळालीच तर तसबिरीच्या पाठीवरच्या शिक्क्यात किंवा आजोबांनी लिहिलेल्या तारखेत मिळेल. विसर्जन जरूर करा, श्रद्धेचा मान राखा. त्याआधी तसबिरीच्या दोन्ही बाजूंचा मोबाइलवर फोटो काढा आणि ती कोणाच्या घरातली, हे सोबत लिहून ठेवा.