‘लव्ह स्टोरी’ : मुलांनी वाचावी, बापांनीही वाचावी



प्रेमकथा म्हटली की आपल्या चळवळीतल्या बऱ्याच ज्येष्ठांच्या कपाळाला आठी पडते. “पोरांनी अभ्यास करावा, बाबासाहेब वाचावेत, हे असले काय वाचता?” असे शब्द आम्ही विहाराच्या वाचनालयात कितीदा तरी ऐकले आहेत. बोलणाऱ्यांची कळकळ खरी असते. मोलमजुरी करून, पोटाला चिमटा घेऊन मुलगी कॉलेजात धाडलेली असते. तिचे पाऊल चुकू नये ही काळजी कुठल्या आईबापाला नसते? पण कॉलेजच्या वयात मनात प्रेम येणारच. घरात त्याविषयी चकार शब्द काढता येत नसेल, तर मुले ते पुस्तकात शोधणारच. मग त्या पुस्तकातून काय घ्यावे, हे तरी आपण त्यांच्याशी बोललो पाहिजे. म्हणून आज एरिक सीगल यांच्या ‘लव्ह स्टोरी’ या छोटेखानी इंग्रजी कादंबरीविषयी.

सीगल हे एका ज्यू धर्मगुरूचे चिरंजीव आणि अमेरिकेतील येल विद्यापीठात ग्रीक-लॅटिन साहित्याचे प्राध्यापक होते. १९७० साली ही कादंबरी आली आणि त्याच वर्षाअखेर तिच्यावरचा चित्रपटही आला. खप प्रचंड झाला. विद्वानांनी मात्र नाके मुरडली. राष्ट्रीय ग्रंथ पुरस्काराच्या यादीत तिचे नाव आले, तेव्हा परीक्षकांनी राजीनाम्याची धमकी देऊन ते काढायला लावले. वाचकांनी त्यांचे ऐकले नाही. ते वाचत राहिले आणि रडत राहिले.

कथा साधी आहे. ऑलिव्हर बॅरेट हा गडगंज घराण्यातला मुलगा. हार्वर्ड विद्यापीठात त्याच्या घराण्याच्या नावाची इमारतच उभी आहे. जेनी कॅव्हिलेरी ही इटलीहून आलेल्या कुटुंबातली, एका बेकरीवाल्याची आईविना वाढलेली मुलगी. रॅडक्लिफ या मुलींच्या कॉलेजात ती संगीत शिकते आणि तिथल्या ग्रंथालयात कामही करते. ऑलिव्हर पुस्तक मागायला येतो, ती त्याची फिरकी घेते आणि ओळख होते. तो प्रॉटेस्टंट, ती कॅथलिक. तो श्रीमंत, ती गरीब. दोघे लग्न करायचे ठरवतात. ऑलिव्हरचा बाप तोंडावर नकार देत नाही. तो म्हणतो, “थांब. कायद्याचे शिक्षण पुरे होऊ दे.” मुलगा ऐकत नाही आणि बाप पैसा तोडतो.

लग्न होते ते हार्वर्डच्या आवारातच, मोजक्या मंडळींसमोर. चर्च नाही, मानपान नाही. दोघे एकमेकांना कविता वाचून दाखवतात आणि नवरा-बायको होतात. लग्न चर्चमध्ये व्हावे अशी जेनीच्या वडिलांची फार इच्छा. ती मोडते, तरी ते मुलीसाठी येतात. आपल्याकडे त्रिसरण-पंचशील घेऊन साधेपणाने होणाऱ्या मंगल परिणयाची ते वाचताना आठवण होते.

पुढे जेनी आजारी पडते आणि पंचविशीतच जाते. सारे वाचक रडतात ते इथे. आमचे म्हणणे असे की, डोळे पुसून पुस्तकाचा मधला भाग पुन्हा वाचावा. जेनीला पॅरिसला जाऊन संगीत शिकण्याची शिष्यवृत्ती मिळाली होती. ती तिने लग्नासाठी सोडली. ती शाळेत शिकवते, त्या पगारात घर चालते आणि नवरा वकिलीचे शिक्षण घेतो. एकेका डॉलरचा हिशेब मांडावा लागतो. ऑलिव्हर वर्गात तिसरा येतो, त्यात जेनीच्या पॅरिसची किंमत आहे. आणखी एक गोष्ट. तिच्या असाध्य आजाराची बातमी डॉक्टर आधी नवऱ्याला सांगतो, तिला नाही. आपल्या मुलींनी हे वाचताना जरूर थांबावे. प्रेमात दोघांनी झिजावे, पण शिक्षण नेहमी तिनेच का सोडावे? आणि तिच्या शरीराची खबर तिच्याआधी दुसऱ्याला का?

आता बापाकडे वळू. त्याच्या साठाव्या वाढदिवसाचे निमंत्रण येते. जेनी समेट व्हावा म्हणून धडपडते, पण ऑलिव्हर अडून बसतो. पुढे तिच्या उपचारासाठी तो बापाकडे पाच हजार डॉलर उसने मागतो. कारण सांगत नाही. बापाला वाटते, पोराने कुठल्या मुलीची भानगड केली असेल. तरी तो चेक लिहून देतो. खरे कळल्यावर धावत इस्पितळात येतो, तेव्हा सून गेलेली असते. कादंबरीत ऑलिव्हर बापाच्या मिठीत रडतो. बाप दुष्ट नव्हता, मुलगाही वाईट नव्हता. दोघांचा अहंकार आड आला आणि फार उशीर झाला. आमच्या मते या पुस्तकातले खरे दुःख हे आहे.

परंतु ही गोऱ्यांची गोष्ट आहे, हेही विसरू नये. गोऱ्या-काळ्यांच्या विवाहाला तोवर अमेरिकेच्या सोळा राज्यांत कायद्यानेच बंदी होती. व्हर्जिनियातील रिचर्ड आणि मिल्ड्रेड लव्हिंग या दांपत्याने १९५८ साली लग्न केले म्हणून त्यांना शिक्षा झाली, राज्य सोडावे लागले. १९६७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी रद्द केली. कादंबरी आली ती त्यानंतर तीनच वर्षांनी. पण तिच्यातली भिंत पैशाची आणि पंथाची आहे, रंगाची नाही.

आपल्याकडे भिंत जातीची. तामिळनाडूत इंजिनिअरिंग कॉलेजात शंकर आणि कौसल्या यांची ओळख झाली, दोघांनी लग्न केले. मुलगा दलित, मुलगी दुसऱ्या जातीची. १३ मार्च २०१६ रोजी उदुमलपेट येथे दिवसाढवळ्या, भर रस्त्यात शंकरला कोयत्यांनी तोडले. जखमी कौसल्या वाचली आणि पुढे जातीविरुद्ध उभी राहिली. आपल्या देशातल्या प्रेमकथेला मरण यायला आजाराची गरज लागत नाही.

बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलना’त आंतरजातीय विवाह हाच जातीवरचा खरा इलाज सांगितला. १९४८ साली डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह करून त्यांनी तो आचरणातही आणला. आणि आपण? बावीस प्रतिज्ञा पाठ म्हणतो आणि स्थळ पाहताना हळूच विचारतो, “बौद्ध खरे, पण मूळचे कोण?” हा प्रश्न ज्या घरात विचारला जातो, त्या घराने दुसऱ्यांच्या जातीयतेविरुद्ध कोणत्या तोंडाने बोलावे?

तरुण मित्रांनो, प्रेम करा, पण आधी दोघांचे शिक्षण पुरे करा, दोघेही पायावर उभे राहा. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने तीस दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार लागतात, हे माहीत असू द्या. दोन सज्ञान व्यक्तींच्या लग्नाला घराण्याची वा समाजाची संमती आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. तरी आईबापांशी बोलणे तोडू नका.

आणि पालकांनो, मुलगी एखाद्या मुलाचे नाव घेऊन समोर उभी राहिली, तर आधी त्याचे शिक्षण विचारा, व्यसन विचारा, वागणूक विचारा. जात विचारू नका. तिला बसवून घ्या, तिचे ऐकून घ्या. ऑलिव्हरचा बाप धावत आला होता. पण आला तेव्हा सून नव्हती.

जयभीम! नमो बुद्धाय!