नाव कोणाचे?

गेल्या दिवाळीत आमच्या घरी एक लहानसा वाद उपस्थित झाला व निवाड्यासाठी तो आमच्यापुढे आला. एकत्र कुटुंबात वाद काही नवे नाहीत. परंतु हा वाद वाटणीचा असूनही जमीनजुमल्याचा नव्हता, नावाचा होता. आमच्या धाकट्या बंधूंची कन्या एका विद्यापीठात रसायनशास्त्राचे संशोधन करीत आहे. तिचा पहिला शोधनिबंध छापावयास जावयाचा होता. फराळाची ताटे उचलली गेल्यावर तिने त्याची प्रत आमच्या हाती ठेवली. आतील इंग्रजी मजकूर आमच्या मॅट्रिकच्या विद्येला पेलण्याजोगा नव्हता; पण शीर्षकाखालची चार नावे आम्हांस वाचता आली. पहिले तिच्या मार्गदर्शकांचे, दुसरे त्यांच्या एका स्नेह्यांचे, तिसरे आमच्या पुतणीचे, आणि चौथे अशा एका गृहस्थांचे की ज्यांच्या खोलीत एक यंत्र ठेवलेले आहे.

“दादाकाका, दोन वर्षे प्रयोग मी केले, निबंध लिहिलाही मीच. मग माझे नाव तिसरे का?”

बंधू म्हणाले, “पदवी हाती पडेपर्यंत तोंड उघडू नये.” आमच्या सूनबाई महाविद्यालयात शिकवितात, त्यांनी निराळीच बाजू मांडली. “मामंजी, हा केवळ मानाचा प्रश्न नाही. नोकरीत व बढतीत नावांच्या क्रमावर गुण मिळत आले आहेत.” आणि त्यांनी आम्हांस तो हिशेब समजावून सांगितला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० सालच्या नियमांत अशी तजवीज होती की, निबंधाच्या एकूण गुणांपैकी साठ टक्के पहिला लेखक व मुख्य पत्रव्यवहार करणारा अथवा मार्गदर्शक यांनी निम्मेनिम घ्यावे, आणि उरलेले चाळीस टक्के बाकीच्यांनी सारखे वाटून घ्यावे. म्हणजे चार नावे असली तर तीस, तीस, वीस, वीस! आम्हांस तलाठ्याच्या दप्तराची आठवण झाली. २०१८ साली हा नियम बदलला. दोहोंहून अधिक लेखक असल्यास मुख्य लेखकास सत्तर टक्के व इतर प्रत्येकास तीस टक्के असे ठरले. ही वाटणी तर त्याहून अजब. येथे बेरीज शंभराच्या पुढे कितीही जावो, कोणाच्याच वाट्यातून काही कमी होत नाही. पंक्तीत आणखी एक पान मांडल्याने कोणाच्याही ताटातील लाडू उणा होत नसेल, तर यजमान ‘नाही’ कशाला म्हणेल?

या मोजदादीचा उगम मात्र वाईट हेतूत नव्हता. अमेरिकेत यूजीन गारफील्ड नावाच्या गृहस्थाने १९६४ साली विज्ञाननिबंधांची एक सूची छापावयास आरंभ केला. कोणत्या निबंधाचा उल्लेख पुढे कोणाकोणाच्या निबंधांत आला, हे तीत पाहावयास मिळे. एखादा विचार पुढे कोठे कोठे गेला याचा माग काढण्याची ती सोय होती. पुढे त्याच उल्लेखांची गणती करून माणसाची योग्यता ठरविण्याची रीत पडली. २००५ साली होर्हे हर्श या पदार्थवैज्ञानिकाने एक अंक सुचविला. ज्याच्या दहा निबंधांचा प्रत्येकी निदान दहा वेळा उल्लेख झाला आहे, पण अकरा निबंधांचा अकरा अकरा वेळा झालेला नाही, त्याचा अंक दहा. सोपे खरे, परंतु त्या चार नावांपैकी प्रयोगशाळेत रात्री कोण जागले, हे या अंकास कळत नाही. चौघांच्याही खात्यावर तो उल्लेख सारखाच जमा होतो.

जेथे गणती आली तेथे खोटी नाणीही आली. पुण्याच्या संशोधकांनी २०१८ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात एक पाहणी प्रसिद्ध केली. आयोगाने मान्य केलेल्या यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने शिरलेली १००९ नियतकालिके त्यांनी तपासली. त्यांतील सुमारे ८८ टक्के कसोटीस उतरली नाहीत. पुढे त्या यादीतून चार हजारांहून अधिक नावे गाळावी लागली. पैसे घेऊन वाटेल ते छापणारी ही दुकाने आमच्या मुलांच्या अज्ञानावर जितकी वाढली, त्याहून अधिक आमच्या गुणपत्रिकांवर वाढली.

मग नाव घालावे तरी कशासाठी? आमचे अध्ययन संस्कृताचे, म्हणून आम्ही आमच्याच पेठेत शोध घेतला. पाणिनीने सूत्रे रचताना एकेक मात्रा वाचविली. एवढा काटकसरी ग्रंथकार. परंतु त्याच सूत्रांत शाकटायन, शाकल्य, गार्ग्य, आपिशलि असे दहा पूर्वाचार्य त्याने नावानिशी आणले आहेत. दुसऱ्याचे ऋण सांगण्यास त्याला जागा अपुरी पडली नाही. तसेच जुन्या पोथ्यांच्या शेवटी येणारी पुष्पिका पाहा. नकलकार आपले नाव, तिथी व गाव देतो, आणि काही चुकले असल्यास क्षमा मागतो. ग्रंथ त्याचा नव्हे, कीर्तीही त्याची नव्हे. तरी नाव आहे, कारण चूक कोणाकडून झाली हे वाचकास कळावे. तात्पर्य, नावाची दोन प्रयोजने आम्हांस आढळली: एक कृतज्ञता, दुसरे उत्तरदायित्व. गुण हे तिसरे प्रयोजन आम्हांस कोठेच सापडले नाही.

याच रीतीचा एक नमुना आमच्या वऱ्हाडातच आहे. दिग्रसहून पश्चिमेस गेले की वाशीम लागते. तेच प्राचीन वत्सगुल्म. १९३९ साली वाशीमचे पंडित वासुदेवशास्त्री धनागरे यांच्याकडून काही ताम्रपट उजेडात आले. यवतमाळचे डॉ. य. खु. देशपांडे व श्री. दा. ब. महाजन यांनी ते प्रथम वाचून त्याच वर्षीच्या भारतीय इतिहास परिषदेपुढे मांडले. त्यानंतर नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी महाजनांच्या सहकार्याने त्यांचे पुन्हा सविस्तर संपादन केले. हे दानपत्र वाकाटक राजा द्वितीय विंध्यशक्ती याचे. वाकाटकांची एक स्वतंत्र शाखा वत्सगुल्मास नांदत होती ही गोष्ट त्यावरून निश्चित झाली, आणि अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील लेखात पूर्वी चुकीची वाचली गेलेली वंशावळही त्यामुळे शुद्ध करता आली.

मौज ही की, १९६३ साली मिराशींचा वाकाटक लेखांचा मोठा ग्रंथ निघाला तेव्हाही हे पट कोणाकडून मिळाले, प्रथम कोणी वाचले, हे सारे त्यांनी आरंभीच नोंदले. ज्यांच्यामुळे पट उजेडात आले ते शास्त्रीबुवा संपादक नव्हेत, व त्यांस कोणी संपादक म्हटलेही नाही. परंतु ते गाळलेही गेले नाहीत. देणारा, प्रथम वाचणारा, शुद्ध करणारा, प्रत्येकाचे नाव ज्याच्या त्याच्या कामापुढे. आमच्या मते न्याय तो हाच. सर्वांस एका ओळीत बसविणे हा न्याय नव्हे, आणि एकाचेच नाव ठेवून बाकीच्यांस पुसणे हाही नव्हे.

कोणी म्हणेल, हे दोघातिघांच्या कामात ठीक. जेथे हजार माणसे राबतात तेथे काय? त्याचेही उदाहरण शेजारीच आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथाजवळ गुरुत्वलहरी टिपणारी वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ साली मंजुरी दिली. अशा लहरी प्रथम टिपल्याचे अमेरिकेतील वेधशाळांनी फेब्रुवारी २०१६ मध्ये जाहीर केले, त्या निबंधावर हजाराहून अधिक नावे आहेत व ती वर्णानुक्रमे लावलेली आहेत. म्हणून जग त्यास ‘ॲबट आणि इतर’ म्हणते. येथे पहिले असणे हा केवळ आडनावाचा योग! आणि म्हणूनच त्या क्रमाने कोणाचा मानही वाढत नाही व अपमानही होत नाही.

वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी मात्र याविषयी स्पष्ट नियम केले आहेत. संकल्पनेत, प्रयोगात अथवा निष्कर्ष काढण्यात ज्याचा भरीव वाटा आहे, ज्याने लेखन वा त्याची चिकित्सक दुरुस्ती केली आहे, ज्याने अंतिम मसुदा मान्य केला आहे, आणि सर्व कामाबद्दल उत्तर देण्यास जो तयार आहे, तोच लेखक. चारही गोष्टी हव्यात. नुसते पैसे मिळवून दिले, नुसती देखरेख केली, एवढ्याने लेखक होता येत नाही. अशांचे आभार मानावे. अलीकडे तर चौदा प्रकारची कामे ठरवून कोणी कोणते केले हे निबंधाखाली लिहिण्याची रीतही सुरू झाली आहे. आम्हांस त्यात वाशीमच्या ताम्रपटांचीच पद्धत दिसली.

येणेप्रमाणे विचार करून पाडव्याच्या सायंकाळी आम्ही निवाडा दिला. “मार्गदर्शकांनी प्रश्न दिला, चुका दाखविल्या, त्यांचे नाव हवेच. पण काम व लेखन तुझे, तेव्हा पहिले नाव तुझे. यंत्राच्या खोलीचे मालक आभारांत जावोत. आणि त्यांच्याआधी, ते यंत्र रोज पुसून चालू करून देणारा जो नोकर आहे, त्याचे नाव आभारांत घाल. भांडू नकोस. तारखांसह तुझी प्रयोगवही पुढे ठेव व नम्रपणे विचार.”

पुतणीने मान डोलावली. आम्ही किंचित समाधानाने तांबूल घेत होतो, तोच स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या असलेल्या आमच्या मंडळी म्हणाल्या, “अहो, आणि त्या ओव्यांचे काय?”

वाचकहो, गोष्ट पस्तीस वर्षांपूर्वीची आहे. लग्नानंतर आमच्या मंडळींनी माहेरून एक वही आणली होती. तीत त्यांनी आपल्या आईच्या, आणि आईबरोबर जात्यावर बसणाऱ्या एका मोलकरणीच्या तोंडच्या ओव्या उतरून घेतल्या होत्या. आम्ही त्यांतील निवडक ओव्या विषयवार लावल्या, कठीण शब्दांस टिपा दिल्या, एक विद्वत्ताप्रचुर प्रस्तावना लिहिली आणि एका नियतकालिकास पाठविल्या. त्या छापून आल्या. वर नाव आमचे. ‘संग्राहक’ हे पदही आमचेच. शाळेत चार माणसांनी अभिनंदन केले. घरी अंक दाखविला तेव्हा मंडळी एवढेच म्हणाल्या, “आईचे नाव तरी घालावयाचे होते.” पुढच्या वेळी घालू, असे आम्ही म्हटलो. पुढची वेळ आली नाही. सासूबाई गेल्या, त्या मोलकरणीचेही पुढे काही कळले नाही.

पुण्याच्या हेमा राईरकर व गी पॉइटव्हँ यांनी जात्यावरच्या ओव्यांचा जो प्रचंड संग्रह केला त्यात लाखाहून अधिक ओव्या आहेत, आणि ओवी गाणाऱ्या बाईचे नाव व गाव यांची तेथे नोंद आहे. हजारावर गावांतील बायांची नावे त्यांस टिपता आली. आम्हांस आमच्या स्वयंपाकघरातील दोन नावे टिपता आली नव्हती. दुसऱ्याच्या निबंधावरील चौथ्या नावास आम्ही अनधिकारी ठरविले. स्वतःच्या लेखावरील एकुलत्या एका नावाचा अधिकार मात्र पस्तीस वर्षांत एकदाही तपासला नव्हता.

पुतणीचे पत्र मागील आठवड्यात आले. मार्गदर्शकांनी तिचे नाव पहिले केले. यंत्र चालविणाऱ्या नोकराचे आभार छापले जाणार आहेत. चौथे नाव मात्र तसेच राहिले. तेवढा तिचा उपाय चालला नाही. बंधूंच्या मते एवढे पुष्कळ झाले. आम्हांस तसे वाटत नाही, परंतु उपदेश करण्याचा आमचा अधिकार सध्या थोडा कमी झाला आहे.

ती दोन नावे या लेखात द्यावी असे आमच्या मनात होते. मंडळींनी मनाई केली. “येथे ओव्या कोठे आहेत? जेथे ओव्या आहेत तेथे नावे लिहा.” त्यांचे म्हणणे शास्त्रशुद्ध होते. त्या जुन्या अंकाची आमच्यापाशी असलेली प्रत काढून, ‘संग्राहक’ या शब्दापुढील आमचे नाव खोडून तेथे त्यांचे लिहिले. त्याखाली गाणाऱ्या दोघींची नावे घातली, आणि आमचे नाव, जेथे ते असावयास हवे होते तेथे, टिपांच्या शेवटी लिहिले. मोलकरणीचे आडनाव मंडळींनाही आठवेना. म्हणून नुसते नाव व गाव लिहिले आहे.